एका वर्गात दोघं

शिक्षक घडवणाऱ्या महाविद्यालयातल्या छोट्या बाईंनी सराव-वर्गाचं दार लोटलं, तर आत एक उंच माणूस मुलांच्या बुटक्या खुर्चीत गुडघे पोटाशी घेऊन बसलेला. एक डोळा तळहाताने झाकून तो फळ्याकडे टक लावून बघत होता. बाकं दुरुस्त करायला कुणीतरी येणार होतं, हे बाईंना ठाऊक होतं.

"काय काय मोडलंय?" त्यांनी विचारलं.

"बरंच," तो न उठताच म्हणाला. "कमी दिसणारं मूल इथे बसलं, तर त्याला फळ्याच्या जागी नुसती चकाकी दिसेल. जरा पडदा ओढता का?"

बाईंनी पडदा ओढला. त्याने हात खाली घेऊन वर पाहिलं... काही माणसांना देव डोळ्यांत हसू घालूनच पाठवतो, तसे ते डोळे. हा सुतार नव्हता. विशेष मुलांच्या शाळेतले हे सर परगावाहून मुद्दाम आले होते. प्राथमिक शिक्षक आणि विशेष शिक्षक आजवर वेगवेगळे घडत. आता दोघांसाठी एकच अभ्यासक्रम आखायचा होता. महाविद्यालयाच्या प्राचार्या, म्हणजे मोठ्या बाई, यांनी तो या दोघांवर सोपवला होता.

झालं, दुपारच्या चहाबरोबर रोजची वादावादी सुरू झाली. छोट्या बाईंचं म्हणणं, आधी वाचन-गणित शिकवायला शिकू दे, विशेष मुलांचा विषय शेवटच्या सत्रात घेऊ.

"ते मूल शेवटच्या सत्रात येतं का, बाई?" सर शांतपणे म्हणाले. "ते पहिल्याच दिवशी वर्गात येऊन बसलेलं असतं."

त्या संध्याकाळी घरी भाजी चिरताना बाई मधूनच हसत होत्या. आत्याने कारण विचारलं, तर म्हणाल्या, भांडण झालं. भांडून इतकी टवटवीत दिसणारी मुलगी आपण पहिल्यांदाच बघतोय, असं आत्या म्हणाली आणि कुकर लावायला वळली.

हळूहळू आराखडा जमत गेला. पहिल्या सत्रापासून सगळं एकत्र, आणि प्रत्येक तासाला वर्गात दोन शिक्षक. मोठ्या बाईंनी मात्र नकारार्थी मान हलवली. एक पाठ घेऊन दाखवा, म्हणाल्या. पटलं तर सरांची नेमणूक इथेच. नाही पटलं तर दोन्ही अभ्यासक्रम पूर्वीसारखे वेगळे आणि सर आपल्या गावी परत.

तेव्हापासून छोट्या बाईंना जेवण गोड लागेना. आपल्याला आराखड्याची काळजी आहे, असं त्या स्वतःला बजावत राहिल्या. मन कसलं ऐकतंय...

दोघांनी ठरवलं, भजनात एकाने ओळ सोडली की दुसरा उचलतो, तसा पाठ घ्यायचा. बाईंनी खडू खाली ठेवला, की पुढचं सरांनी घ्यायचं.

पाठ होता अर्धा आणि पाव. बाई रंगात आल्या. सर खिडकीशी उभे होते, बाह्या दुमडून, त्यांच्याकडे बघत. मागच्या बाकावर कमी दिसणारी एक मुलगी कागदाची घडी घालताना अडली. सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग बाईंच्या हाताकडे. खडू काही खाली येईना. तास संपला.

"सगळं एकटीनेच शिकवलंस," मोठ्या बाई म्हणाल्या. "दुसऱ्याची गरज कुठे दिसली?" आणि त्या निघून गेल्या.

सर फळा पुसू लागले. एकट्याने शिकवायची सवय असली की दुसऱ्याच्या भरवशावर वर्ग सोडवत नाही, आपल्याला राग नाही, असं ते म्हणाले. तो समजूतदारपणाच बाईंना जास्त लागला.

"भरवशाचा प्रश्नच नव्हता," त्या म्हणाल्या. "खडू ठेवला असता तर... हात थरथरताना दिसला असता. तुम्ही असे बघत होतात."

"असे म्हणजे कसे?"

"आत्ता बघताय तसे."

सर थबकले. डस्टर हातातच राहिलं. "मग बघणं बंद करू?"

"नको," बाई म्हणाल्या — आणि इतक्या पटकन, की त्यांचे कान लाल झाले.

त्या तशाच मोठ्या बाईंच्या खोलीत गेल्या. आराखडा खरा आहे, पाठ माझ्यामुळे फसला, मी घाबरले होते, असं सांगून टाकलं.

"वर्गाला घाबरलीस?"

"नाही..."

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं, ओठांतलं हसू ओठांतच ठेवलं आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास दिला.

त्या तासाला ती मुलगी पुन्हा अडली. बाईंनी खडू ठेवला. हात थरथरला, तर थरथरू दिला. सर मुलीशेजारी जमिनीवरच बसले. तिची बोटं कागदाच्या कडेवरून सावकाश फिरवली, आणि बाई तेच फळ्यापाशी सगळ्यांना सांगत राहिल्या. मुलीने घडी उलगडली, चारही भाग एकेक करून चाचपले, आणि ती गालातल्या गालात हसली. मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या, "पुढच्या सत्रापासून सुरू करा."

वर्ग रिकामा झाला. दोघं बुटक्या खुर्च्या रचत होते.

"आता इथे घर बघायला हवं," सर म्हणाले. "आणि... तुमच्या आत्यांना भेटायचं होतं. त्यांना एक विचारायचंय."

छोट्या बाईंनी हातातली खुर्ची हळूच खाली ठेवली.

"आधी मला विचारा," त्या म्हणाल्या.

सरांनी विचारलं. बाहेर व्हरांड्यात मुलांचा गलका चालला होता, त्यामुळे बाईंना होकार जरा मोठ्यानेच द्यावा लागला.