दादाच्या जहाजावरचा पाहुणा

शेलूबाजारच्या स्टँडवर जीपमधून उतरून त्याने नेमकं मलाच विचारलं, "शेषरावची माय, सोजरबाई... कुठं राह्यते?"

"तुमी कोन?"

"देवमन. धनजचा. शेषराव अन् मी एकाच जहाजावर होतो."

शेषराव म्हणजे माझा दादा. एकाहत्तरच्या लढाईत तोफेपाशीच गेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघालं की माय उठून जायची.

देवमनला मात्र तिने दिवाळीभर ठेवून घेतलं. ते लढाऊ जहाज आता गोदीत स्मारक म्हणून उभं होतं आणि हा त्याच्या राखणीला. "माय, त्याची तोफ तशीच हाय. पितळी पाटीवर त्याचं नाव हाय. मी रोज पुसतो. शाळेचे लेकरं येतात, मोठ्यानं वाचतात." माय ऐकायची, रडायची आणि पुन्हा सांग म्हणायची! देवमनचे उपकार कुठे फेडू, असं मला झालं होतं.

विहिरीवर मी विचारलं, "मले दाखवसान जहाज?"

"दरवाजे लय ठेंगणे हायेत. वाका लागते. जमंन?"

"मी कोनापुढं वाकत नाही!"

"शेषराव हेच सांगे..."

"अजून काय सांगे?"

"कायी नाही," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल झाला.

भाऊबीजेला मायने पाट मांडला. "भागिरथे, ओवाळ देवमनले. आता हाच माहा लेक."

ताट घेऊन मी दारातच थांबले. एकदा ओवाळलं की भाऊ तो जन्माचा भाऊ! आणि इतक्या दिवसांनी हसलेल्या मायला नाही तरी कसं म्हणू?

देवमन पाटापाशी येऊन थांबला. "माय, माफ करा. मी नाही बसत."

"काहून रे?"

"ते शेषरावची जागा हाय. अन्... मले हिच्या बाजूच्या पाटावर बसाचं हाय. तुमी हो म्हनान तं."

मायने त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मग उठली, दादाचा फोटो पाटावर ठेवला आणि म्हणाली, "ओवाळ तुह्या भावाले. अन् जहाज पाहाले लगन झाल्यावरच जाय!"

उन्हाळ्यात मी त्या ठेंगण्या दरवाज्यातून आत गेले. दादाच्या नावावर हात ठेवला. "लय चांगला मानूस धाडला रे, दादा."

"वाकली ना शेवटी?" मागून देवमन हसला.

डोळे पुसत मी म्हटलं, "दादासाठी वाकली... तुमच्यासाठी नाही!"