तिसऱ्या मजल्याचा दावा

इटलीतल्या त्रिएस्तेत बोरा वारा सुटला की माणसं भिंती धरून चालतात. कोपऱ्यावर निवेसचा पाय उचलला गेला आणि तिने घट्ट धरला तो एका अनोळखी माणसाचा दंड.

"सोडू नका," तो म्हणाला. "मलाही आधार हवाच आहे."

दोघं एकाच इमारतीत शिरले, एकच जिना चढले... आणि तिसऱ्या मजल्यावर एकाच दारासमोर थांबले.

"हे माझं घर आहे," निवेस म्हणाली.

"हो... मी लिव्हिओ. घरमालकांचा मुलगा. मापं घ्यायला आलोय."

तेव्हा कुठे तिने त्याचा दंड सोडला.

घरमालक फुर्लान यांची नोटीस आधीच आली होती: मुलगा राहायला येणार, घर रिकामं करा. निवेस बंदरावर शिडं शिवायची, कायद्यातलं तिला कळत नव्हतं, पण वकिलाला तिने विचारून ठेवलं होतं. मालकाला मुलासाठी घर मागता येतं. फक्त गरज खरी हवी.

"पलंग कुठे ठेवणार?" तिने विचारलं.

"तुमचा आहे तिथेच... म्हणजे—" त्याचे कान लाल झाले.

मापं काही पुरी होईनात. तो पुढच्या शनिवारी आला, त्याच्या पुढच्याही. निवेस कॉफी द्यायची आणि स्वतःला बजावायची, हा माणूस आपल्याला बाहेर काढायला आलाय.

निवेसने घर सोडलं नाही म्हणून फुर्लान यांनी दावा लावला, मग सुनावणी लागली.

"तुम्ही तिथे राहणार ना?" न्यायाधीशबाईंनी विचारलं.

लिव्हिओने वडिलांकडे पाहिलं, मग निवेसकडे. "आवडेल राहायला. पण... या तिथे असतील तर."

"आणि या गेल्या तर?"

"तर नाही. बाबा ते घर पर्यटकांना देणार आहेत."

दावा फेटाळला गेला. फुर्लान उठले. "आता घरी येऊ नकोस," एवढंच हळू आवाजात मुलाला म्हणाले आणि निघून गेले.

लिव्हिओ कोर्टाच्या पायऱ्यांवर बसला होता. निवेस शेजारी जाऊन बसली.

"असं बोलतात का कुणी कोर्टात?"

"खोटं जमलं नाही."

"राहणार कुठे आता?"

"मित्राकडे. बघू." त्याने तिच्याकडे पाहिलं. "तुमचा राग गेला?"

"तुमच्यावर राग आलाच नव्हता... तीच तर पंचाईत होती."

निवेस उठली, स्कर्ट झटकला.

"रविवारी जेवायला या," ती म्हणाली. "माझ्या घरी." 'माझ्या'वर अंमळ जोर देऊन.