चांदीच्या होडीचं तोंड

"कुणीही बाहेर जायचं नाही!"

हर्षवर्धन देसाईंनी दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली खिशात टाकली.

माहीमच्या खाडीकाठच्या त्या पडक्या चर्चचं छप्पर कधीच गेलं होतं. शाबूत उरलेली मागची खोली म्हणजेच संग्रहालय आणि देसाई त्याचे प्रमुख. खिडकी एकच, खाडीकडची, तिलाही जाड गज. गिरगावची खाजगी गुप्तहेर अपूर्वा नाबर आणि तिचा मामेभाऊ केतन रविवार सकाळ म्हणून हौसेनं आले होते आणि आयते कोंडले गेले होते.

चोरी झाली होती नवसाच्या चांदीच्या होडीची. ती आजच परगावच्या एका बड्या संग्रहालयाकडे कायमची जायची होती. काचपेटी उघडून देसाईंनी होडीला टिचकी मारली, तर पत्र्याचा आवाज आला. ड्रॉवरमधली प्रतिकृती कुणीतरी तिच्या जागी ठेवली होती.

"चोर समोरच आहे," देसाई पहारेकऱ्याकडे बोट दाखवत म्हणाले. "पेटीची किल्ली याच्याकडेच असते. पोलीस तासाभरात येतील."

नायगावचा राजरत्न पांढराफटक पडला. "साहेब, दोन वर्षं इथं पहारा दिलाय. पोरीचं पोलीस भरतीचं व्हेरिफिकेशन चालूय. बापावर चोरीची केस पडली तर संपलंच की हो सगळं!"

हा माणूस गजाआड जायच्या आधीच गुदमरत होता. अपूर्वानं देसाईंना आपलं ओळखपत्र दाखवलं.

"पेटी कधी उघडली, राजरत्न?"

"नऊला. दिशा मॅडमना चित्र काढायचं होतं. मग पेटीला कुलूप न लावताच मी फाटकावर गेलो."

दिशा कला महाविद्यालयात शिकत होती. प्रतिकृतीही तिनंच बनवलेली. "मी दहा मिनिटं चहाला गेले," ती चाचरत म्हणाली. "हे बघा, तोवर एवढंच झालं होतं."

चित्रात होडीचं तोंड दाराकडे होतं. अपूर्वानं पेटीत पाहिलं. प्रतिकृतीचं तोंड खिडकीकडे होतं.

उरली तुळसा. सकाळी मासळी विकून इथं झाडलोट करणारी माहीमची कोळीण. "मी लादी पुसायला आले, बाय. मला काय ठाव?"

तिच्या पायाशी फिनाइलचं दुधाळ पाणी भरलेली बादली होती, काठावर कोरडं फडकं. लादीवर मात्र धूळ होती. विक्रीच्या टेबलावरच्या लाकडी होड्या केतननं चाळा म्हणून वेड्यावाकड्या फिरवल्या. बोलता बोलता तुळसानं त्या एकेक करून खिडकीकडे वळवल्या.

"केतन, बस कर," अपूर्वा म्हणाली. "सापडलं."

"काय? मला तर इथं श्वासही सापडेना!"

"दिशानं होडी बदलली असती तर चित्रातल्यासारखीच ठेवली असती. राजरत्न दोन वर्षं ती दाराकडे तोंड करून बघतोय, तोही तशीच ठेवणार. घाईत ज्याचा हात आपोआप होडी पाण्याकडे वळवतो, त्यानं हे केलं. आत्ता टेबलावरही तेच झालं. आणि तासभर भरलेल्या बादलीत फडकं बुडालेलंच नाही. तुळसामावशी, हात घालू का पाण्यात?"

तुळसानंच बादलीत हात घातला. होडी बाहेर आली.

"जमिनीकडं तोंड मोडीत काढलेल्या होडीचं असतं," ती म्हणाली. "आजा तुफानात गेलेला. आजीनं ही नवसाला वाहिली नि तो जिवंत आला. तिथनं आमच्या घरचा एक माणूस दर्यात बुडाला नाय. ही दुसऱ्या गावाला गेली तर माझ्या रघूचं काय? तो आता पण बाहेर दर्यावर हाय."

राजरत्न तिच्याकडे वळला. "रोज माझ्या डब्यातलं खाल्लंस, मावशी. तासभर मला चोर म्हणत होते, नि तू गप?"

"तोंडातून शब्दच फुटंना रे. तुझी पोर की माझा पोर, हेच मनात चाललेलं."

दारावर थाप पडली. पोलीस आले होते. देसाईंनी मान खाली घालून दाराची किल्ली राजरत्नच्या हातावर ठेवली.

त्याला सुटकेचा आनंद व्हायला हवा होता, पण किल्ली कुलपात फिरेना. दार उघडलं की तो मोकळा होणार होता, आणि मावशी अडकणार होती.

तुळसानं होडी देसाईंच्या हातात दिली आणि ओला हात पदराला पुसला.

"उघड रे बाबा," ती म्हणाली. "रघू यायच्या आत मला जाऊ दे. आईला धरून नेताना त्यानं बघायला नको."

राजरत्ननं डोळे पुसले आणि कुलूप काढलं.