काचेखालचे पाय

लग्न होऊन सरू परंदवडीला आमच्या घरी आली तेव्हा तिचं तोंड मला नीट दिसलं नव्हतं, पण जोडव्यांचा आवाज ऐकू आला होता. दगडी पायरीवर एक पाऊल जड पडायचं, दुसरं हलकं. टक... टिक. तिच्या डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली आहे, म्हणून तो पाय ती जपून टाकते, हे मला पुढे कळलं. पण तो आवाज मनात बसला तो बसलाच. भाताच्या खाचरात दहा बायका ओणव्या असल्या तरी चिखलातून बाहेर निघालेल्या पायांवरून मी सांगायचो, ही आपली.

हे आधी एवढ्यासाठी सांगतो, की पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याची नजर गेली. नजर गेलेली नव्हती.

आम्ही दोघं तुंगार्लीत एका बंगल्यावर राखणीला आहोत. फार वर्षं झाली. मालक मुंबईचे. सुट्टीला येतात, पावसाळ्यात कधी येतात, कधी नाही. मागच्या बाजूला आम्हाला एक खोली आहे. आमचा गौरव तळेगावकडे कंपनीत कामाला आहे. तो आणि सून रेणुका नेहमी म्हणतात, आता पुरे करा, गावी या. आम्ही जाऊ जाऊ म्हणतो. अंग थकलं की जायचंसुद्धा जिवावर येतं.

मालकीणबाई प्रेरणा मॅडमनी बंगल्याचं काम काढलं तेव्हा जुनं लाकडी सामान सगळं गेलं. इथल्या हवेत लाकूड फुगतं, कप्पे उघडत नाहीत, आषाढात टेबलावर पांढरी बुरशी धरते. मॅडम म्हणाल्या, "हनुमंतकाका, आता सगळीकडे काच. पुसली की झालं." जेवायचं टेबल काचेचं, सोफ्यापुढचं टीपॉय काचेचं, पलंगाशेजारी काच. आणि बाहेर पडवीत, तळ्याच्या बाजूला, लोखंडी पायांचं एक गोल टेबल, त्यावरही जाड काच. टेबलापाशी बसलं की खाली आपले पाय दिसायचे आणि समोरच्याचेही.

सरूला ते पहिल्या दिवसापासून आवडलं नाही.

"जेवताना पाय कशापायी बघायचे?" ती म्हणाली. "आन् पावन्याच्या मोज्याला भोक असलं तर? बिचाऱ्याचा घास उतरायचा न्हाई."

"मोठ्या लोकांच्या मोज्यांना भोकं न्हाई पडत."

"पडत्यात. धुते कोन?"

तिचं बोलणं असं. मी आपला हसायचो आणि वर्तमानपत्राचा बोळा करून काच पुसायचो.

काच आली त्याच हिवाळ्यात मॅडमच्या सासूबाई हवापालटाला आल्या. आम्ही त्यांना आजी म्हणायचो. रात्री सगळे जेवायला बसले होते, सरू वाढत होती, मी पाण्याचा जग घेऊन उभा होतो. सहज काचेतून खाली पाहिलं. मॅडमच्या सपाता दिसल्या. साहेबांचे अनवाणी पाय दिसले. आजींच्या खुर्चीपुढे नुसती फरशी. मला वाटलं, थंडी आहे, पाय वर घेऊन बसल्या असतील. जग ठेवायच्या निमित्तानं वाकून पाहिलं, तर लोकरीच्या मोज्यांतले दोन्ही पाय जागेवर. पुन्हा उभा राहिलो. काचेतून फरशी.

तेव्हा माझ्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. मी तो विषय तिथंच सोडला. थोड्याच दिवसांत आजी झोपेत गेल्या. वय झालं होतं. पुढे माझ्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता मला तळ्यापलीकडचा बगळासुद्धा दिसतो.

आणखी एक सांगायला हवं. आमच्या घरात भूतबाधा, देवरुषी, अंगारा यातलं काही नाही. छप्पनच्या धम्मदीक्षेनंतर बापानं देव्हारा उतरवला आणि सगळ्या घराला बसवून सांगितलं, आजपासून कुणी कशाला भ्यायचं नाही. मला नीट समज येण्याआधीची ही गोष्ट, पण बाप मरेपर्यंत ती सांगत राहिला. मी त्याचा शब्द पाळला. रात्री-अपरात्री वलवणच्या धरणावरून एकटा चालत आलो, कधी मागं वळून पाहिलं नाही. त्यामुळे झालं काय, की जेव्हा खरंच भ्यालो तेव्हा सांगायला जागाच नव्हती.

या पावसाळ्यात सरू आजारी पडली. छातीत पाणी झालं. तळेगावला दवाखान्यात ठेवली होती. घरी आणली तेव्हा रिक्षातून मी तिला उचलून उतरवली, आणि उचलताना मला जड काही लागलंच नाही. गौरव म्हणाला, आईला गावी नेतो. ती म्हणाली, "तितं कंपन्यांचा धूर. हितं हवा बरी हाय."

एका दुपारी पाऊस थांबला आणि धुकं उतरलं. इथलं धुकं बाहेरच राहत नाही, घरात येतं. आधी तळं गेलं, मग निलगिरीची झाडं गेली, मग पडवीच्या पायऱ्या. कुठं तरी पन्हाळीतून थेंब पडत होते. लांब घाटात एक इंजिन चढत होतं, धापा टाकत, जसं काही त्यालाही आता पुरे झालं होतं. ओल्या गवताचा, कुजलेल्या पानांचा वास येत होता. बंगल्यात कुणी नव्हतं. मी सरूला शाल गुंडाळून पडवीत त्या गोल टेबलापाशी बसवलं, समोर मी बसलो, दोघांना चहा आणला. इतक्या वर्षांत आम्ही त्या खुर्च्यांवर कधी बसलो नव्हतो.

"मालकीनबाई वाटते का मी?" तिनं विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

"मालकीनच की."

"मंग बिस्कुट कुटं हाय?"

काचेवर दव साचलं होतं. सवयीनं मी बोळा घेतला आणि पुसायला लागलो. काच स्वच्छ झाली तसे खाली माझे पाय दिसले, रबरी चपलांतले. टेबलाचे लोखंडी पाय दिसले. मग तिच्या खुर्चीचे चार पाय दिसले. त्यांच्या पुढे ओली फरशी होती.

मी पुसत राहिलो. एकच जागा, पुन्हा पुन्हा.

"झाली की स्वच्छ..." सरू म्हणाली.

मी चमचा खाली पाडला आणि वाकलो. तिचे पाय तिथंच होते. सुजलेले, टाचांना भेगा, डावी करंगळी शेजारणीवर चढलेली. मी हात लांबवून तो पाय धरला. गार होता, पण होता. धरूनच मी डोकं वर काढलं आणि काचेतून पाहिलं. काचेखाली माझा हात दिसत होता, मूठ अर्धी वळलेली, आत काही नाही. आणि त्याच हाताला तिचा घोटा लागत होता. नससुद्धा लागत होती, हळू उडणारी.

"काय करताय?"

"डास व्हता."

"मारला का?"

"...गेला."

त्या दिवशी संध्याकाळी मी कपाटातल्या सगळ्या जुन्या चादरी काढल्या. जेवायच्या टेबलावर एक घातली, टीपॉयवर एक घातली, पलंगाशेजारच्या काचेवर टॉवेल टाकला. पडवीतल्या टेबलावर दोन चादरी घालून खालून सुतळीनं बांधल्या.

सरू दारातून बघत होती. "काचंला थंडी वाजती व्हय?"

मी सुतळीची गाठ आवळली. काय बोलणार? मला नुसतं एवढंच कळत होतं, की ती जाणार आहे आणि हे मला सोडून कुणालाच ठाऊक नाही. न दिसलं तर नसेल, असंही कुठं तरी वाटत होतं. लहान पोर डोळे मिटून घेतं, तसं.

मग दिवस गेले ते तिच्या उशाशीच. गोळ्या, शेक, तांदळाची पेज. रात्री तिचा श्वास ऐकत पडायचो. जरा लांबला की उठून बसायचो. माणूस काम करून थकतं तसं भिऊनही थकतं. कधी कधी वाटायचं, व्हायचं ते होऊन जाऊ दे. लगेच वाटायचं, हे कसलं मनात आणलं, आणि उठून तिच्या पायांवरचं पांघरूण चाचपायचो. पाय हाताला लागायचे. हाताला नेहमीच लागायचे.

मध्ये एकदा मॅडम पाहुण्यांना घेऊन आल्या.

"काका, हे काय? सगळीकडे चादरी?"

"ओल धरती, मॅडम."

"अहो, काचेला कशी ओल धरेल?" त्या हसल्या. मग माझ्या तोंडाकडे पाहून हसायच्या थांबल्या. "मावशींची तब्येत कशी आहे?"

"हाय."

त्यांनी चादरी काढायला लावल्या. पाहुणे होते तोवर मी सरूला खोलीबाहेर पडू दिलं नाही. गाडी फाटकाबाहेर गेली की मी पुन्हा चादरी घातल्या.

पण सरू गेली नाही. नवरात्र उलटलं तशी तिची भूक वाढली. पेज नको म्हणाली, भाकरी मागितली. दसऱ्याला पांढरं पातळ नेसून वंदनेला उभी राहिली, शेवटपर्यंत उभी राहिली. मग अंगण झाडायला लागली, मग मला बोलायला लागली. गौरव येऊन बघून गेला, म्हणाला, आई, तू तर आबांपेक्षा बरी दिसतीस. सगळे हसले, मीही हसलो. पण चादरी काढायचा मला धीर झाला नाही. आजीसुद्धा शेवटच्या रात्री पोटभर जेवून, सगळ्यांशी बोलून झोपल्या होत्या.

आज सकाळी मॅडमचा फोन आला. दिवाळीला येतोय, चादरी काढून ठेवा, काचा पुसून ठेवा. फोन सरूनंच घेतला. मी तोंड धुऊन येतो तोवर पडवीतल्या टेबलाची सुतळी कापलेली, चादरी घडी करून कठड्यावर ठेवलेल्या, आणि ही खुर्चीत बसलेली. तळ्यावरून धुकं वर येत होतं. समोर दोन कप होते.

"बसा. च्या हितंच घिऊ."

मी उभाच राहिलो. काचेकडे पाहिलं नाही.

"सरू, आत चल. गारठा हाय."

"बसा म्हनते." मग हळूच म्हणाली, "मला म्हाईत हाय तुमी काचा का झाकल्या ते."

मी खुर्चीचा हात धरला.

"आजींना ताट मीच वाढत व्हते न्हवं?" ती म्हणाली. "तुमाला मोतीबिंदू व्हता. मला न्हवता."

"मंग... बोलली का न्हाईस?"

"तुमी तरी कुटं बोललात? मामंजींनी सांगून ठिवलंय, आपल्यात तसलं नसतंय. दोगंबी गप."

"आन् त्या दिवशी? हितं, धुक्यात?"

"तुमी डास धरत व्हता तवा मीबी खाली बघितलं की." तिनं पदरानं ओठ पुसले. "लय भ्या वाटलं. पर तुमी इतकं झाकझाक करत व्हता... म्हनलं ऱ्हाऊ द्या. म्हाताऱ्याला तेवढाच आधार."

मी बसलो.

"आता बघा," ती म्हणाली. "भिऊ नगा. बघा."

मी पाहिलं. काचेखाली दोन पाय होते. उघडे, कोरडे, टाचा फुटलेले. डावी करंगळी शेजारणीवर चढून बसलेली. सरूनं बोटं हलवली, तशी काचेखाली बोटं हलली. जोडव्यांवर सकाळचा उजेड पडला होता.

मी रडलो. लपवलं नाही. पावसाळाभर छातीवर बसलेलं काही तरी उठून गेलं आणि त्याच्या जागी नुसता थकवा राहिला, चांगला, झोप यावी असा.

"मोजून घ्या," ती हसत म्हणाली. "सगळी हायत का बोटं?"

"हायत."

"आन् तुमची?" असं म्हणून हसत हसतच तिनं माझ्या बाजूला काचेतून पाहिलं.

तिचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ, तोंडावर. मग गेलं. तिनं पदराचं टोक घेतलं आणि माझ्या पुढ्यातली काच पुसली. काच ओली नव्हती. पुन्हा पुसली. मग खुर्चीचा हात धरून ती बाजूला वाकली आणि टेबलाखाली पाहिलं. तिची पाठ दिसत होती, अंबाडा दिसत होता. ती बराच वेळ वाकून होती.

माझ्या तळव्यांना फरशीचा गारठा लागत होता. नीट लागत होता.

ती सरळ झाली. मी तिच्या तोंडाकडेच बघत होतो, खाली नाही.

"काय गं?... सरू?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग कप तसाच भरलेला ठेवून ती उठली आणि आत निघून गेली.