पाच-नऊ म्हणजे किती?

एकच पाण्याची टाकी, टाकीवर एकच खांब, खांबावर दोन अँटेना. दोघींची तोंडं उगवतीला. दोघींना सारखीच चाळीस मीटर केबल. एकीतून अलीशा ऐकू येत होती आणि दुसरीतून नुसती खरखर. शेजारी खुर्चीत आजी निवांत शेंगा सोलत बसली होती. आता सांगा, माझं डोकं कसं ठिकाणावर राहणार?

थांबा, आधी नीट ओळख करून देते. मी तेजल शिंगाडे, इयत्ता सातवी, राहणार कुरणवाडी. ही गोष्ट २०४९ सालच्या डिसेंबरातल्या एका रविवारची आहे. माझ्या आजीचं नाव रूपाली. रूपाली म्हटलं की आता कुणाच्याही डोळ्यांसमोर आजीबाईच येते, पण ती म्हणते तिच्या वर्गात चार रूपाल्या होत्या. तीस वर्षं ती मोबाइलच्या टॉवरवर चढून यंत्रं बसवायची. आता गुडघे गेलेत, जीभ मात्र जागेवर आहे.

मी हौशी रेडिओवाली आहे. म्हणजे परीक्षा देऊन परवाना काढायचा, आपलं रेडिओ स्टेशन आपणच उभं करायचं आणि दूरच्या हौशी माणसांशी हवेतून बोलायचं. मधे कंपनी नाही, इंटरनेट नाही. त्या रविवारी आमची वर्षातली मोठी स्पर्धा होती. स्पर्धेसाठी सगळा नकाशा चौकोनांत वाटलेला असतो. आपल्याकडे एक चौकोन साधारण दोनशे दहा किलोमीटर लांब आणि एकशे दहा किलोमीटर रुंद येतो. जितक्या जास्त चौकोनांतल्या माणसांशी बोलाल तितकं चांगलं.

बोलायचं दोन पट्ट्यांवर. व्हीएचएफ आणि यूएचएफ. व्हीएचएफवर आमची लहर सेकंदाला चौदा कोटी चाळीस लाख वेळा हेलकावते. यूएचएफवर त्रेचाळीस कोटी चाळीस लाख वेळा, म्हणजे तिप्पट. या हेलकाव्यांच्या आकड्याला वारंवारता (एका सेकंदात किती वेळा) म्हणतात. एवढंच लक्षात ठेवा, पुढं लागेल.

कुमार गटात यूएचएफवर दहा चौकोन गाठले की बक्षीस म्हणून वेधशाळेची मोठी तबकडी (डिश अँटेना) एक तास वापरायला मिळणार होती. त्या तबकडीतून चंद्रावर आवाज फेकायचा आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकायचा. माझे नऊ चौकोन झाले होते. दहावा अलीशाचा.

अलीशा मुलाणी म्हणजे पहिलीपासून माझ्या बाकावर बसणारी अलीशा. जूनमध्ये तिच्या अब्बांची बदली झाली आणि ती दीडशे किलोमीटर लांब गेली. तिचेही नऊच चौकोन झाले होते आणि तिचा दहावा माझा. गेल्या उन्हाळ्यातच आमचं ठरलं होतं, चंद्राशी बोलायचं तर दोघींनी, नाहीतर कुणीच नाही.

सकाळी माझी अँटेना शाळेच्या गच्चीवर होती, दहा मीटर केबलवर. नऊ चौकोन तिथूनच झाले. पण अलीशाच्या बाजूला टेकडी आडवी येते. ती ना या पट्टीवर सापडली ना त्या. म्हणून दुपारी मी ठरवलं की अँटेना गावच्या टाकीवर न्यायची. जितकी उंच तितकं लांबचं दिसणार, हे तर शेंबडं पोरही सांगेल. शाळेच्या सामानातनं बारीक काळी केबल मिळाली, अगदी हवी तेवढी लांब. टाकीवर चढायला ठोंब्या होता.

ठोंब्या म्हणजे ग्रामपंचायतीचा टाकी धुणारा रोबो. चार पाय, दोन हात, आणि बोलणं सगळं सरकारी पत्रातलं. नाव आजीनं ठेवलंय. त्याची एक खोड आहे, स्वतः मोजल्याशिवाय तो काही म्हणजे काही सांगत नाही.

सव्वातीनला अँटेना वर बसल्या. मी टाकीखाली रेडिओ घेऊन बसले, व्हीएचएफ लावलं आणि हाक मारली. पहिल्याच हाकेला उत्तर आलं.

"तेजू, पाच-नऊ!"

मी खुर्चीतनं उठलेच. पाच-नऊ हा आमच्यातला शेरा आहे. पहिला आकडा बोलणं किती कळतंय त्याचा, एक ते पाच. दुसरा आवाज किती जोरकस आहे त्याचा, एक ते नऊ. पाच-नऊ म्हणजे पैकीच्या पैकी. मीही तिला पाच-नऊ दिले.

"आता यूएचएफवर चल," अलीशा म्हणाली. "पावणेपाचपर्यंत थांबते. मग अब्बा गाडी घेऊन येतात, अंगणातला अँटेनाचा खांब काढावा लागेल."

मी यूएचएफवर गेले आणि तिथं काहीच नाही. हाका मारून घसा बसला. परत व्हीएचएफवर आले तर तीही तिथं नाही, कारण ती बिचारी यूएचएफवर मला शोधत बसली होती. फोन करता येत नव्हता. स्पर्धा चालू असताना फोनवर जुळवाजुळव केली की तो चौकोन बाद.

"आजी, असं कसं?" मी म्हणाले. "उंचीनं एक पट्टी सुधारली आणि दुसरी मेली."

"मला काय विचारतेस? कुमार गट आहे. मोठ्यांनी यंत्राला हात लावायचा नाही आणि उत्तर सांगायचं नाही. नियम वाचलास ना?" आजीनं शेंग फोडली. "शेंगा खा."

तिला उत्तर माहीत होतं, हे तिच्या चेहऱ्यावरूनच दिसत होतं. मला असा राग आला म्हणता. मी केबलची टोकं बघितली, घट्ट होती. अँटेना तुटली असेल म्हणावं, तर सकाळी हिच्यावरच नऊ चौकोन झाले होते. दिशा चुकली म्हणावं, तर शेजारची व्हीएचएफची अँटेना त्याच दिशेला तोंड करून अलीशाला पकडत होती. जिकडून विचार करायला जावं तिकडून भिंतच. चार वाजून गेले होते.

"पण ती तर पाच-नऊ म्हणाली," मी वैतागून म्हणाले. "एवढा दणदणीत आवाज पोचतोय आणि इकडं..."

"पाच-नऊ कुणी मोजले?" ठोंब्यानं विचारलं.

"कुणी नाही. स्पर्धेत सगळे पाच-नऊच म्हणतात. वेळ वाचतो. पद्धतच आहे तशी."

"म्हणजे सदर पाच-नऊ मोजलेले नाहीत. सबब आपला आवाज तिथे किती पोचतो हे आपणांस माहीत नाही."

खरंच की. मी तिला पाच-नऊ दिले तेव्हा तिचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. मग तिनं दिलेले तरी खरे कशावरून? सकाळपासून मला नऊ जणांनी पाच-नऊ दिले होते आणि मी त्या सगळ्यांवर विश्वास ठेवून छाती फुगवून बसले होते.

"ठोंब्या, आपण मोजू या," मी म्हणाले.

शक्तिमापक (रेडिओतून किती जोर बाहेर पडतो ते दाखवणारं छोटं यंत्र) आधी खाली लावला. दोन्ही पट्ट्यांवर पन्नास वॅट. मग ठोंब्या तोच घेऊन जिन्यानं टाकीवर गेला, केबलच्या वरच्या टोकाला लावला आणि वरनं ओरडला.

"व्हीएचएफ आठ वॅट. यूएचएफ दीड वॅट."

"दीडशे?"

"दीड. दोनदा मोजले."

पन्नास घातले आणि दीड निघाले. मधले गेले कुठं? केबलला कुठं भोकही नव्हतं. मी तिच्यावरनं हात फिरवला. रेडिओच्या जवळ ती जराशी कोमट लागली, पुढं गार. आजी माझ्याकडं बघत होती, पण तोंडात शेंगदाणे.

मग मी ठोंब्याला म्हटलं, केबलमध्ये दर आठ मीटरवर एक जोड आहे, प्रत्येक जोडापाशी मोज. आकडे आले ते मी वहीत लिहिले. पन्नासचे पंचवीस. पंचवीसचे साडेबारा. मग सहा, मग तीन, मग दीड. दर आठ मीटरला निम्मं. बघता बघता मला आमच्या शाळेतला पेढ्यांचा डबा आठवला. पाचवीच्या वर्गातून डबा निघतो, प्रत्येक वर्ग निम्मे पेढे काढून घेतो आणि दहावीच्या हातात चुरा येतो. पहिल्या वर्गाला सगळ्यात जास्त मिळतात, म्हणून केबल रेडिओजवळच कोमट होती. व्हीएचएफलाही हेच होत होतं, फक्त तिथं निम्मं व्हायला पंधरा-सोळा मीटर लागत होते. म्हणून तिचे आठ वॅट तरी शिल्लक राहिले.

आणि अलीशाचा येणारा आवाजही याच केबलमधून खाली येत होता. म्हणजे जाताना कात्री आणि येताना पण कात्री. उंचीनं जेवढं दिलं त्याच्यापेक्षा जास्त केबलनं खाल्लं होतं. माझीच केबल, मीच हौसेनं लावलेली.

चार वाजून बावीस मिनिटं झाली होती. केबल लहान करायची तर अँटेना खाली आणावी लागणार आणि खाली आणली की टेकडी आडवी. मी दोन मिनिटं नुसती इकडून तिकडं फिरले.

"अँटेना खाली नाही आणायची," मी शेवटी म्हणाले. "रेडिओच वर न्यायचा."

आजीची शेंग हातातच राहिली.

"आपणांस वर चढण्यास मनाई आहे," ठोंब्या म्हणाला. "फलक लावलेला आहे."

"मी नाही चढत. माझा आवाज चढेल." टाकीतलं पाणी किती आहे ते दाखवायला पूर्वी एक चारपदरी तार वरून खाली आणली होती. आता ते काम बिनतारी होतं, तार तशीच पडून होती. "आपला आवाज सेकंदाला काहीशे, फार तर दोन-तीन हजार हेलकावे घेतो. कुठं हजार आणि कुठं कोटी. त्याला या तारेची लांबी जाणवणारसुद्धा नाही. माइक आणि स्पीकर खाली माझ्याजवळ, रेडिओ वर अँटेनाच्या बुडाशी. मधे फक्त दीड मीटर केबल."

"रेडिओला वीज?"

मी त्याच्याकडं बघितलं. वर विजेची सोयच नव्हती.

"माझ्या बॅटरीत एकोणीस टक्के आहेत," तो म्हणाला. "ती वापरल्यास मी खाली येऊ शकणार नाही. उद्या ऊन पडेपर्यंत वरच राहीन." जरा थांबून म्हणाला, "बुधवारपर्यंत टाकी धुण्याचे काम नाही. हरकत नाही."

ठोंब्या रेडिओ घेऊन वर गेला आणि मी खाली तारा जोडायला लागले. एकदा उलटसुलट जोडल्या आणि स्पीकरमधून नुसती कर्कश शिट्टी आली. चार एकोणचाळीसला वरनं आवाज आला, "चव्वेचाळीस वॅट. मोजले." मी माइक दाबला आणि अलीशाला हाक मारली.

खरखर आली. पुन्हा हाक मारली, पुन्हा खरखर. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू. चार एक्केचाळीस. तिसऱ्यांदा हाक मारली आणि माइक सोडला.

"...तेजू? तेजू, तू आहेस?"

"आहे. मी आहे. तुझे चार-तीन," मी म्हणाले. स्पर्धेत असं कुणी सांगत नाही, पण मी सांगितलं. "मोजून सांगतेय. बारीक ऐकू येतंय, पण येतंय. माझे किती? खरं सांग."

खरखरीतून उत्तर आलं.

"पाच-चार," ती म्हणाली. "आणि मघाशी व्हीएचएफवर पण पाच-नऊ नव्हते गं. तीन-दोन होते. मी आपलं सवयीनं म्हणाले."

दोघींनी एकमेकींचे चौकोन लिहून घेतले. तिचे अब्बा हॉर्न वाजवत होते, तोही मला ऐकू आला. माझे दहा झाले, तिचे दहा झाले.

पाच वाजता स्पर्धा संपली आणि आजीच्या तोंडाचं कुलूप उघडलं. वारंवारता वाढली की वीज तारेच्या आतून जात नाही, नुसती तांब्याच्या वरच्या सालीतून सरकते, असं तिनं सांगितलं. याला त्वचा-परिणाम म्हणतात. वारंवारता जितकी जास्त तितकी ती साल पातळ, वाट अरुंद आणि विजेची जास्त उष्णता होते. आतल्या प्लास्टिकलाही ते कोट्यवधी हेलकावे सोसावे लागतात, तेही आपला वाटा घेतं. जाड केबल असती तर कमी खाल्लं असतं.

"आम्हीपण हेच केलं होतं," ती म्हणाली. "सुरुवातीला यंत्रं टॉवरच्या पायथ्याशी खोलीत असायची. नंतर लोकांना अक्कल आली आणि ती उचलून वर टांगली. मीच किती टांगलीत. तुला सांगायला जीभ नुसती वळवळत होती माझी."

"मग चंद्रापर्यंत किती खाल्लं जाईल?"

"पसरून पसरून फार विरळ होईल. म्हणून तर एवढी मोठी तबकडी. पण मधे केबल नाही एक वीतभरही. अडीच सेकंदांत तुझा आवाज जाऊन परत येईल."

ठोंब्या वर पाय मुडपून बसला होता. मी खालून विचारलं, बरा आहेस ना? तो म्हणाला, सदर बाब मोजता येत नाही.

संध्याकाळी अलीशाला फोन केला. तिनं चंद्राच्या तासाची तारीख दोनदा विचारली, आम्ही खूप हसलो. मग मी नेहमीचा प्रश्न विचारला.

"नवी शाळा कशी आहे?"

"मस्त," ती म्हणाली. जूनपासून ती हेच म्हणत होती, आणि मी दरवेळी बरं म्हणून पुढचं बोलायला लागायचे.

"अलीशा, हे मोजलेलं आहे, की पाच-नऊ?"

तिकडं कुणीतरी भांडी लावत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

"दोन-एक," ती म्हणाली. "डबा खायला कुणीच नसतं माझ्यासोबत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि पायरीवर नीट बसले.

"येतंय ऐकू," मी म्हणाले. "बोल."