पाइपातलं धुणं

पाप पोपटकाकांचं. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर गावातली जाणती माणसं सगळं ढगफुटीवर ढकलून मोकळी होतात. बंगल्यांचे प्लॉट विकायचे म्हणून काकांनी गावचा ओढा, अख्खा वहाळ, एका पाइपात कोंबला आणि वर भराव टाकला. गेल्या श्रावणात डोंगरावर ढग फुटला. खाली गावात ऊनच होतं. पाइप दगडगोट्यांनी तुंबला, पाणी फुगलं, आणि पाइपाच्या तोंडाशी, काठावर धुणं धूत बसलेली सोनुबाई धुण्याच्या दगडासकट गेली. दगड सापडला नाही. तीही नाही.

ओमकार तिचा मुलगा. कॉलेज सोडून पोकलेन चालवणारा. उन्हाळ्यात वहाळ मोकळा करायचं काम निघालं, ते त्यानं मागून घेतलं. आईचं एखादं हाड तरी हाताला लागावं, एवढ्यासाठी.

"पाइपाच्या तोंडापरेंत साफ कर," काका छत्रीखालून म्हणाले. "माझ्या भरावाला हात नाय लावायचा."

"पानी तुमाला विचारून जातं काय, काका?"

"कॉलेज झेपलं नाय, नि मला पानी शिकवतो!"

काका जेवायला गेले. वळवाचं आभाळ दाटून भर दुपारी काळोख झाला होता. निळ्या शर्टाच्या बाहीला घाम पुसत ओमकारनं मशीन बंद केलं, तेव्हा कुठं आवाज आला. धप... धप... मग दम. पुन्हा धप... धप... सोनुबाईचा खांदा धरलेला असायचा. दोन फटके मारून ती असाच दम घ्यायची.

तो पाइपाशी वाकला. आत वाळका गाळ, कुजलेल्या पानांचा वास, आणि त्या वासातून येणारा ताज्या साबणाचा वास. त्यानं उजवा कान पाइपाला लावला.

"आये...?"

फटके थांबले. कानाच्या अगदी आत गार श्वास लागला.

"आलास रं... दे इकडं... किती मळलाय..."

मशीनवर कधी चढला, त्याला कळलं नाही. भराव फुटला, पाइप फुटला. काका खरकट्या हातानं शिव्या देत धावत आले. गोट्यांच्या मधोमध आईचा दगड होता. भोवती सगळं ठणठणीत कोरडं, दगड मात्र ओला. वर साबणाचा फेस, आणि पिळून ठेवलेला एक निळा शर्ट. ओमकारनं तो उलगडला.

काकांच्या शिव्या थांबल्या.

"ओम्या... तुझ्या अंगातला शर्ट... कुठं हाय रं?"

ओमकारनं खाली पाहिलं. अंगात नुसता बनियन होता.

वहाळ आता भराव चिरून जुन्या वाटेनं जातो. काका अजून ढगफुटीलाच बोल लावतात. शर्ट दोरीवर आहे, अजून वाळलेला नाही. आई मिळाली नाही. ओमकारच्या उजव्या कानाला त्या दुपारपासून काहीच ऐकू येत नाही.