दोनदा टक्

वडनेरला मी भूत शोधायला गेले नव्हते, टक् शोधायला गेले होते. जीभ टाळूला चिकटवून झटक्यात सोडली की निघतो ना, तो आवाज. आफ्रिकेतल्या काही भाषांत त्याचे शब्द होतात. आपण मात्र त्यावर बैल हाकतो. माझी पीएच.डी. यावरच आहे, आणि एकदा सुरू झाले की समोरचा जांभया देईपर्यंत मी थांबत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तिथल्या कौशल्याबाईंकडे तर खजिनाच होता. लकव्यानंतर त्यांच्या यजमानांची, पुंडलिकरावांची, वाचा गेली. उरली ती बैलांसाठीची टक्, डाव्या गालातली. एकदा म्हणजे पाणी दे, दोनदा म्हणजे इकडे ये. शेवटपर्यंत नवरा-बायको तेवढ्यावरच बोलले. पुंडलिकराव दिवाळीआधी वारले, तरी भर दुपारी गोठ्यातून टक् येते, असं बाईंचं म्हणणं. मुलगा निकेश मी गेले त्याच संध्याकाळी त्यांना कायमचं नागपूरला न्यायला येणार होता.

"पोरगा म्हणते मले भास होते," त्या हळूच म्हणाल्या. "मी गेली तर ते हाक कोणाले मारतीन? इथं एकटेच राहतीन."

मी गोठ्यात तीन माइक लावले. आवाज कोणत्या माइककडे आधी पोचला यावरून त्याची जागा काढायची, ही युक्ती माझ्या मित्राची, योगेंद्रची. तो वर्ध्याला कॉलेजात गणित शिकवतो. चौथा माइक घाईत त्याच्या टेबलावरच राहिला होता.

बैल केव्हाच विकलेले. डोक्यावर पत्रा तडतडत होता, कडब्याचा कोंदट वास नाकात बसला होता. आणि हेडफोनमध्ये आलं... टक्. टक्.

घाबरायचं सोडून मी खूश झाले. इतका स्वच्छ आवाज मी कधी पकडला नव्हता. मग वर्गात मीच शिकवते ते आठवलं. बोलायला छातीतला श्वास लागतो, टक् करायला लागत नाही. ज्याचा श्वास थांबला आहे, त्यालाही ती जमेल. मी हेडफोन काढले. आवाज येतच होता.

रेकॉर्डिंग पाठवलं आणि लगेच योगेंद्रचा फोन आला. तो धावत आल्यासारखा बोलत होता.

"रक्षा, तिन्ही माइकवर एकाच क्षणी आलाय. माइकांची कशीही अदलाबदल कर, उत्तर तेच. अगदी सममित फलन."

"मग तो गोठ्याच्या मधोमध असेल."

"मलाही तसंच वाटलं. पण इथला चौथा माइक चालू राहिला होता... त्यातही आहे. तोच आवाज, त्याच क्षणी." त्याचा आवाज खाली आला. "टोपॉलॉजीत आम्ही दूरचे बिंदू एकमेकांना चिकटवतो. मग मधलं अंतर उरत नाही. पण ते कागदावर गं..."

तीच टक् वर्ध्यालाही ऐकू आली, हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी डोळे पुसले आणि लुगड्यांच्या घड्या पिशवीत भरायला घेतल्या. "मंग जाते मी नागपूरले. तिथंबी येतीन ते." निकेशने आल्यावर रेकॉर्डिंग ऐकलं, आणि आईची पिशवी उचलली.

बाईंना नागपुरात ऐकू येऊ लागलं. फोनवर किती खुशीत सांगायच्या. योगेंद्रला वर्ध्यात येऊ लागलं, मला इथे सेवाग्रामला, माझ्या घरी. तिघांनी फोनवर राहून ताडून पाहिलं, एकाच क्षणी. पाण्याची एक टक् कधीच नाही, नेहमी दोन, म्हणजे इकडे ये. योगेंद्र म्हणतो, सममित फलनात कोण कुठल्या जागी आहे हे उत्तरावरून कळत नाही. हाक बाईंनाच आहे, असं आम्ही धरून चाललो होतो.

काल मी बाईंना फोन केला. त्यांचा आवाज पडलेला होता.

"पोरी, परवापासून मले काहीच ऐकू येऊन नाई राह्यलं. कुठं गेले असतीन ते?"

माझ्याकडे आणि योगेंद्रकडे तर चालूच होतं.